गेलो मुराळी, आणलं सागवान

हे मी कोणापाशी बोललेलो नाही. बायकोपाशी नाही, वखारीतल्या भागीदारापाशी नाही. देवापाशीसुद्धा नाही. देवापुढं बसलो की माझ्या तोंडून आपोआप धंद्याचंच मागणं निघतं, सवयच पडली आहे तशी, काय करू? तुमच्यापाशी बोलतो, तेही कागदावर, कारण तुम्ही मला ओळखत नाही. उद्या नागपुरात इतवारीच्या गल्लीत समोरासमोर आलो तरी तुम्हाला कळणार नाही की हाच तो. मध्येच उठून जावंसं वाटलं तर खुशाल जा. मी काही तुम्हाला धरून ठेवणार नाही.

कुठून सुरुवात करू? लाकडापासून करतो. लाकडाबद्दल मला न अडखळता बोलता येतं.

आमची सागवानाची वखार आहे. वडिलांनी घातलेली. त्यांच्या काळात नागपुरात सागवान म्हणजे चांद्याकडचं सागवान, दुसरं काही नव्हतंच. अल्लापल्लीच्या जंगलातून ते बैलगाड्यांवर निघायचं, मग रेल्वेत चढायचं, आणि आमच्या वखारीत येऊन दोन-दोन पावसाळे पडून राहायचं, तेव्हा कुठं त्याच्या अंगातलं पाणी निघायचं. वडील फार कडक होते याबाबतीत. कच्चं लाकूड विकलं की वर्षभरात दार पिळवटतं आणि गिऱ्हाईक जन्मभर आपल्या नावानं खडे फोडतं, असं म्हणायचे. त्यातूनही जे उत्तम असायचं ते रेल्वेवाले रुळांखाली घालायला उचलून न्यायचे. आम्हाला उरलंसुरलं.

माझ्या हाती वखार आली तोवर रंगूनचा माल आला होता. बोटीनं कलकत्त्याला, तिथून रेल्वेनं नागपूरला. तिकडं धरमपेठेत वकिलांचे, साहेब लोकांचे बंगले उठत होते, आणि ज्याला त्याला रंगूनच पाहिजे. का नको? सरळसोट, लांबच्या लांब, गाठ नाही, रंग सगळीकडे एकसारखा. आमचं चांद्याचं म्हणजे आखूड, थोडं वाकडं, मध्येच गाठ. पण कापल्यावर आत काळपट रेघा निघतात, त्या पाहाव्यात! आणि टिकायला म्हणाल तर रंगूनपेक्षा तसूभर कमी नाही. पण गिऱ्हाइकाला दुरून आलेल्या मालाचं अप्रूप. कोणी जावाचं नाव काढायचा, कोणी मलबारचं, तेवढं बोलण्यापुरतं. शेवटी गाडी रंगूनवरच यायची. मग सरकारनं ब्रह्मदेश वेगळा काढला. काल-परवापर्यंत कलकत्त्याच्या पलीकडचं एक गाव वाटणारं रंगून एकदम परदेश झालं, तर बापा, त्या लाकडाचा तोरा आणखीच वाढला.

दोन्हीकडच्या लाकडातला खरा फरक मात्र दिसण्यात नाही. झाड तोडण्याच्या रीतीत आहे. आमच्याकडे झाड जिवंत असताना तोडतात. तिकडं आधी मारतात. बुंध्याभोवतीची साल आणि सालीखालचं कच्चं लाकूड गोल कोरून काढतात आणि झाड तसंच उभं सोडून देतात. मुळांचं पाणी वर चढत नाही. झाड दोन-तीन वर्षं उभ्या उभ्या वाळत राहतं. मग तोडलं की नदीत तरंगतं आणि वाहत वाहत खाली रंगूनला येतं. ही रीत मला फार पसंत होती. गिऱ्हाइकांना मी ती रंगवून रंगवून सांगायचो. आता नाही सांगत.

पाहा, घसरलोच ना लाकडावर? वेणूबद्दल बोलायला बसलो आणि लाकडावर पान भरलं. असाच आहे मी.

वेणू माझी धाकटी बहीण. आम्ही दोघंच. वडील गेल्यावर तिचं लग्न मी जमवलं. स्थळ मीच शोधलं — रंगूनचं. यादवराव मूळचे आर्वीकडचे, रंगूनला एका मोठ्या लाकूड व्यापाऱ्याकडे माल निवडायच्या कामावर होते. माणूस सज्जन, निर्व्यसनी, हे सगळं खरंच. पण मी होकार दिला तो त्यासाठी दिला का? रंगूनच्या लाकूडघाटावर आपला माणूस असेल तर आपल्याला चांगला ओंडका आधी मिळेल, हे माझ्या मनात होतं. माय म्हणत होती, इतक्या दूर नको गा देऊ. मी म्हटलं, दूर कुठं, बोटीचाच तर प्रवास. तिथूनच धरा हवं तर. माझं पाप तिथूनच मोजा.

लग्नानंतर बरीच वर्षं वेणूला मूल नव्हतं. मायनं उपास केले, नवस केले. आणि मग लढाई सुरू असताना — युरोपातली लढाई म्हणतो मी, जपान अजून उतरला नव्हता — रंगूनहून कळलं की वेणूला दिवस गेले आहेत. मायचं काय सांगू! तिनं मागची खोली रिकामी केली. सारवली. नवी बाज विणून घेतली. शेकायला शेण्या आणून रचल्या, ओवा आणला, बाळंतशोपा आणल्या. अजून सारे महिने पुढं होते, तरी ही बाई रोज त्या खोलीत जाऊन उगाच काहीतरी इकडचं तिकडं करायची. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, यात विचारायचं काय असतं? आणि लेकीला घ्यायला माहेरचा माणूस जायचा. मुराळी. मुराळी मी. दुसरं होतंच कोण?

दिवाळीच्या सुमाराला मी निघालो. मायनं ओटीची हिरवी साडी दिली, बांगड्या दिल्या, चिवडा-अनारसे बांधून दिले. आणि फाटकात उभी राहून म्हणाली, "हळूहळू आणजो बापा तिले. घाई नको करजो."

मी तिकडं पोहोचलो तेव्हा वेणूची ट्रंक भरून तयार होती. मी यायच्या आधीच भरून ठेवली होती तिनं. लाकडी घर होतं त्यांचं, वरच्या मजल्यावर. पायाखालची जमीनसुद्धा सागवानाची. नागपुरात जे लाकूड मोठमोठे वकील दिवाणखान्याच्या दाराला लावून मिरवत होते, त्यावर ती रोज उकिडवी बसून फडकं मारत होती! मी हसलो, तीही हसली. चेहरा भरला होता तिचा. सहावा संपत आला होता. मला पाहून तिनं आधी विचारलं, "माय कशी आहे?" आणि लगेच, "आपलं निघाचं कधी?"

मी म्हटलं, थोडे दिवस पाहू तर दे रंगून.

पाहायला मी कुठं गेलो? देवळात नाही, बाजारात नाही. यादवरावांबरोबर नदीकाठच्या लाकूडघाटावर गेलो. आता तुम्ही म्हणाल, पुन्हा लाकूड! पण सगळं तिथंच झालं हो. हत्ती सोंडेनं ओंडके रचत होते. आणि ते ओंडके — इतकं सुंदर लाकूड मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. उन्हात पडलेले, कोरडे ठणठणीत, हात लावला की तेलकट लागणारे. त्या वर्षी बोटी लढाईच्या कामाला लागल्या होत्या, माल कलकत्त्याला जाणं कठीण होत चाललं होतं, आणि नागपुरात भाव चढत होता. यादवरावांच्या मालकानं मला एक मोठा साठा द्यायचं कबूल केलं. अट एकच. बोटीत जागा मिळेल तशी मिळेल, तोवर निवडलेला माल कोणीतरी रोज घाटावर उभं राहून सांभाळायचा, नाहीतर निवडलेला जाईल आणि टाकाऊ येईल. ते काम कोण करणार? यादवरावच. त्यांच्याशिवाय माझा माल निघणार नव्हता.

त्या दिवशी घरी येताना यादवराव सहज बोलले. वेणू जाते आहे, तर तेही रजा घेऊन येतात म्हणाले. इतक्या वर्षांत मुलूख पाहिला नाही. बाळंतपण होऊ दे, बारसं होऊ दे, मग सगळे मिळून परत येऊ.

माझं डोकं सुरू झालं. वेणू गेली की हा गेला. हा गेला की माल गेला.

कळलं ना आता? तरी मला पूर्ण सांगू द्या. अर्धवट सांगायची चोरवाट मला नको आहे.

दुसऱ्या दिवशी दुपारी यादवराव कामावर गेले होते. वेणू तांदूळ निवडत बसली होती. मी तिच्यासमोर बसलो आणि सांगितलं की माय आता थकली आहे. तिच्यानं बाळंतपण निभत नाही. मायनंच सांगितलं आहे, की तिकडंच होऊ दे म्हणाव, तिकडं मोठे दवाखाने आहेत, इथं यायची दगदग नको.

एवढं बोललो. आवाजही चढवला नाही. दुकानात गिऱ्हाइकाला लाकडाचा भाव सांगतो तशा आवाजात बोललो.

वेणूचा हात सुपात थांबला. "मायनं म्हटलं असं?"

मी हो म्हटलं.

तिनं पुन्हा चार दाणे निवडले. मग विचारलं, "मंग साडी कायले धाडली?"

तिकीट मिळत नाही म्हणता आलं असतं. मी आजारी पडलो म्हणता आलं असतं. शंभर थापा होत्या. मीच ही निवडली. का? कारण तिकिटाचं कारण सांगितलं असतं तर ती थांबली असती, पुढच्या बोटीची वाट पाहत राहिली असती, यादवरावांच्या मागं लागली असती. माहेरानंच नको म्हटल्यावर मात्र बाई पुन्हा विचारत नाही. हे मला माहीत होतं. आपल्या बहिणीला मी चांगला ओळखत होतो, म्हणून तर बरोबर जागेवर घाव घालता आला.

साडीचं उत्तरही माझ्याजवळ तयार होतं. मी म्हटलं, "रीत आहे म्हणून धाडली."

ती उठली, माझं पान वाढलं. मी जेवत असताना मागं उभी राहून तिनं विचारलं, "भाऊ, काही चुकलं काय गा माह्याकडून?" मी म्हटलं, नाही वं, चुकायचं काय त्यात, उगाच काहीतरी मनात घेऊ नको. आणि भात मागून घेतला. वेणूनं ट्रंक माझ्यासमोर नाही उपसली. मी निघायच्या दिवशी पाहिली, तर रिकामी होऊन भिंतीशी लागली होती. यादवरावांनाही तिनंच सांगितलं असणार, कारण ते बिचारे बोटीपर्यंत पोहोचवायला आले, पण मायबद्दल एक अक्षर बोलले नाहीत.

मी रंगून सोडलं तेव्हा घाटावर माझ्या ओंडक्यांवर माझ्या नावाचा शिक्का ठोकणं सुरू होतं. यादवरावच ठोकून घेत होते.

आणि नागपुरात? नागपुरात माय फाटकातच उभी होती. टांग्यातून मी एकटा उतरलो तर ती माझ्या मागं पाहत राहिली, टांगा निघून गेला तरी. मी घरात जाऊन पाणी प्यालो आणि तिला सांगितलं की वेणू नाही म्हणाली. तिला तिथंच बरं वाटतं. तिकडं दाया आहेत, दवाखाने आहेत, इकडच्या खोलीत धुरात कोण पडून राहील, असं म्हणाली.

एका थापेला झाकायला दुसरी लागतेच. पण दुसरी इतकी सहज निघेल असं मलाही वाटलं नव्हतं.

माय रडली नाही. तिचा स्वभाव नव्हता. तिनं बाज उभी करून ठेवली आणि म्हणाली, "मोठ्या गावची झाली ना ते आता. माह्या हातचं कायले पाहिजे तिले." मग कधी पत्राची गोष्ट निघाली तर म्हणायची, काही लिहू नको. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं, घरातली पत्रं मीच वाचायचो, मीच लिहायचो. मला काही करावंच लागलं नाही. दोघी एकमेकींवर रुसून बसल्या, समुद्राच्या दोन काठांवर, आणि मी मधल्या मध्ये माझ्या मालाची वाट पाहत होतो.

माल आला. वेळेवर आला, सगळाच्या सगळा, एक ओंडका इकडचा तिकडं नाही. यादवरावांनी काम चोख केलं होतं. वखारीत तो रचून होतो न होतो, तर बातमी आली की जपान लढाईत उतरला आणि रंगूनवर बाँब पडले.

मला बाँब पडणार हे माहीत नव्हतं. कोणालाच नव्हतं. हे वाक्य मी स्वतःला इतक्या वेळा ऐकवलं आहे की आता त्याची शिसारी येते. खरं आहे ते वाक्य, आणि त्यानं काहीही होत नाही. वेणू तेव्हा नागपुरात असायला पाहिजे होती. मागच्या खोलीत, नव्या बाजेवर. ती तिथं नव्हती ती माझ्यामुळं. बस.

रंगून पडलं, मग सगळा ब्रह्मदेशच गेला. तिकडून लाकडाचा एक तुकडा यायचा बंद झाला. माझ्या वखारीतल्या त्या साठ्यावर लोक तुटून पडले. आणि ज्या चांद्याच्या लाकडाला काल कोणी विचारत नव्हतं त्याला सरकार दारात येऊन मागायला लागलं — पुलांना, गाड्यांना, लष्कराच्या पेट्यांना. जंगलातून ओलं लाकूड निघायचं आणि ओलंच जायचं. दोन पावसाळे थांबायला कोणाला वेळ होता? ज्यांनी जन्मभर रंगूनचा हट्ट धरला ते आता म्हणू लागले, आपलं सी.पी.चं, चांद्याचं सागवानच खरं! मी सगळ्यांना मान हलवत होतो. पुढच्या दोन वर्षांत मी मोठा झालो. लोक शेठ म्हणू लागले.

वेणूची काही खबर नव्हती. माय रोज विचारायची. तिचा रुसवा बाँबच्या बातमीबरोबरच गळून पडला होता. रोज सकाळी एकच, "काही कळलं का गा?" मी वखारीत पळून जायचो.

मग रंगून पडलं त्याच उन्हाळ्यात यादवराव आले. एकटे. थेट वखारीत आले, स्टेशनवरून पायी. मी आधी ओळखलंच नाही त्यांना. दाढी वाढलेली, पायाला चिंध्या बांधलेल्या, अंगात ताप. लाकडाच्या ढिगावर बसले आणि सांगू लागले. बाळ रंगूनलाच झालं, मुलगी. बाळंतिणीला घेऊन बोटीच्या गर्दीत शिरता आलं नाही. मग हजारो लोक चालत निघाले तसे तेही निघाले, मणिपूरकडच्या डोंगरांतून. मुलगी आधी गेली. मग वेणूला ताप आला. रस्त्याच्या कडेला एका झाडाखाली...

मी पुढचं लिहीत नाही. त्यांनी सगळं सांगितलं, मला ऐकावंच लागलं, पण तुम्हाला कशाला?

एक मात्र सांगितलंच पाहिजे. चालता चालता दोघं बोलायची, नागपुरात पोहोचलो की कुठं उतरायचं. वेणू म्हणायची, मायकडे नको, भाऊच्या वखारीत उतरू. तिथं एखादी खोली देईल तो. "मायले त्रास नको आपला. तिच्यानं होत नाही म्हणते ना." रागानं नाही म्हणाली, यादवराव मला म्हणाले. अगदी मायेनं म्हणत होती.

माझी थाप तिनं उराशी धरली होती. आणि तीच जपत, मायला त्रास होऊ नये म्हणत, ती डोंगर चढत होती. सांगा, हिच्यापुढं माझी काय जागा आहे?

मी यादवरावांना म्हटलं, आज घरी नका येऊ, मायला धक्का बसेल, मी हळूहळू सांगतो. भीती मला धक्क्याची नव्हती. ती दोघं समोरासमोर आली की माझ्या दोन्ही थापा एकमेकींवर आदळणार, ही भीती होती. पण इतवारीत अशी गोष्ट लपते? कोणीतरी घरी सांगितलं, तुमचे जावई आले. भर दुपारी, ऊन मी म्हणत असताना, माय वखारीत आली. पायात चप्पल नव्हती. यादवरावांकडे पाहिलं आणि तिला सगळं कळलं. ती खाली बसली. आरेवाले मजूर करवत थांबवून बाहेर निघून गेले.

बराच वेळ ती गुडघ्यात डोकं घालून होती. मग वर पाहून तिनं विचारलं. मी याच प्रश्नाला इतके महिने भीत होतो.

"जावईबापू, तुम्ही तरी सांगा. काहून नाही म्हटलं तिनं? मी तर खोली सारवून ठेवली होती."

यादवरावांनी आधी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी खाली पाहिलं. तेवढंच पुरलं त्यांना. बोलायची गरजच पडली नाही. माझ्या मानेनं सगळं सांगितलं.

तेव्हा मी बोलायला हवं होतं. तोंड उघडायचं, दोन वाक्यं बोलायची. नाही उघडलं.

यादवराव म्हणाले, "ते तर ट्रंक भरून बसली होती, माय. मीच नाही पाठवली."

माय माझ्याकडे वळली. तू तर म्हणाला होतास, तीच नाही म्हणाली. माझ्या तोंडून शब्द निघायच्या आत यादवरावच पुढं म्हणाले, "भाऊले मीच तसं सांगाले लावलं होतं."

मला काय वाटलं त्या क्षणी, ते सांगू? शरम नाही वाटली. दुःखही नाही. मला हायसं वाटलं. छातीवरचा ओंडका कोणीतरी उचलून बाजूला ठेवावा तसं हायसं. हेच ते, जे मी कोणापाशी बोललेलो नाही. बहिणीशी खोटं बोललो तेव्हा लोभ होता, समजा. पण इथं कसला लोभ होता? बहीण गेली, भाची गेली, समोर हा माणूस हाडांचा सापळा होऊन उभा, आणि मला हायसं वाटलं!

माय उठली. तिनं आवाज चढवला नाही. एवढंच म्हणाली, "मले पुन्हा तोंड नका दाखवू." आणि घराकडे चालू लागली. मी तिच्यामागं छत्री घेऊन धावलो. चांगला मुलगा ना मी!

त्या दिवसापासून मायचं मन एका बाजूनं शांत झालं. लेक आपल्याला नको म्हणाली नव्हती, लेकीला यायचंच होतं, एवढं तिला मिळालं. आणि दुसऱ्या बाजूनं तिचा सगळा राग एका माणसावर गेला. तिनं नात्यागोत्यात सगळ्यांना सांगितलं. बायकोला पहिल्या बाळंतपणाला माहेरी धाडलं नाही, मारून आला. यादवराव आर्वीकडे गेले, थोडीशी शेती होती ती करू लागले. पुन्हा लग्न झालं नाही. कोण देणार होतं मुलगी? एकदा सक्करदऱ्याला नात्यातलं लग्न होतं. ते पंगतीला बसले तर शेजारचा एक म्हातारा पाटावरून उठला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "याच्या बाजूले मी नाही जेवत." समोरच्या पंगतीत मी होतो. माझ्या पानात जिलेबी होती. यादवराव हात धुऊन निघून गेले. मी खात राहिलो.

त्यानंतर मी एकदा आर्वीला गेलो. त्यांना वखारीत भागी द्यायचं माझ्या मनात होतं. पाहा, तिथंही मला देणं-घेणंच सुचलं. त्यांनी मला बसायला घोंगडं टाकलं, चहा केला. भागीचं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "तुमच्यासाठी नाही केलं मी. बुढीची पोरगी गेली होती. एक पोरगा तरी राहाले पाहिजे होता तिले." चहाची कपबशी स्वतः उचलून विसळायला घेऊन गेले. मी परत आलो.

लढाई संपली. आता म्हणतात इंग्रज जाणार, आणि रंगूनच्या बोटी पुन्हा सुरू होणार, सागवान पुन्हा येणार. धरमपेठेतली नवी गिऱ्हाइकं आत्तापासून विचारून जातात. माझ्या वखारीत त्या साठ्यातलं लाकूड कधीच संपलं, पण दुपारी जेवणाच्या सुट्टीत करवत थांबली की मला वेणूचा आवाज येतो. ओरडत नाही, रडत नाही. तांदूळ निवडता निवडता विचारते, मंग साडी कायले धाडली? दर दुपारी. मी मजुरांना जेवायची सुट्टी आळीपाळीनं देऊन पाहिली, म्हणजे करवत थांबायला नको. ते पुटपुटले, शेठ एवढा कंजूस झाला म्हणून. तरी आवाज येतोच.

माय मागच्या थंडीत गेली. अंथरुणाला खिळून होती, सगळं मीच केलं तिचं, पाणी पाजण्यापासून. लोक म्हणायचे, असा मुलगा मिळायला भाग्य लागतं. बरेचदा ती शुद्धीत नसायची, पण शेवटच्या दिवशी दुपारी तिनं डोळे उघडले, माझा हात धरला, आणि अगदी स्पष्ट बोलली. त्या वेळी खोलीत आम्ही दोघंच होतो. सांगायचं असतं तर कोणी अडवणारं नव्हतं. यादवरावांचं नाव सुटलं असतं. तिला एक माणूस परत मिळाला असता, आणि एक गेला असता.

ती म्हणाली, "तू गेला होता ना बापा तिले आणाले. तूच एक गेला होता."

मी म्हटलं, "हो माय."